उजव्या बाजूची मेडलं

जेठातल्या वणव्यात काफळाचं झाड जळलं, तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. चीडाचं अख्खं रान पेटलं होतं. माणसं बांजाच्या ओल्या फांद्या घेऊन आग झोडपत होती, बाया गोठ्यातली जनावरं सोडून खाली नदीकडे हाकत होत्या. एका झाडाची आठवण कोण ठेवतो? वणव्यानं बुंधा आतून पोखरला. मग पावसात दरड सरकली आणि उरलेलं खोडही घेऊन गेली. भादव्यात गवत गुडघ्याच्या वर आलं, तेव्हा लोकांना कळलं की झाडाबरोबर हद्दही गेली.

त्या उतारावर दोन घरांचं गवत होतं. काफळाच्या वरच्या अंगाला देबुलीचं, खालच्या अंगाला हयात सिंह बोराचं. देबुलीचा तुकडा रुंद, मऊ, निजल्यासारखा पसरलेला. तिचा नवरा पान सिंह लढाईत मारला गेला तेव्हा गावानंच तो तिला काढून दिला होता. एकटी बाई, कड्यावर नको. हयात सिंहाचा तुकडा अरुंद होता आणि त्याच्या खाली लगेच कडा. कड्यावरचं गवत कोणाच्या मालकीचं नाही. ज्याला कमी पडेल त्यानं तिथं जायचं, दोरी बांधायची, देवाचं नाव घ्यायचं आणि विळा चालवायचा. हयात सिंहाची बायको जसुली त्याच कड्यावरून पडली होती. तेव्हापासून तिचा खुबा जागेवर नाही. अंगणात बसून डाळ निवडते, वाती वळते, एकादशी धरते आणि दुसऱ्यांच्या पायांकडे बघत राहते.

असोज, म्हणजे आश्विन, लागला आणि डोंगरभर विळे निघाले. देबुली आपल्या तुकड्यात वाकली होती तेव्हा हयात सिंहाचा मुलगा प्रताप तिथं येऊन उभा राहिला. गावातली पोरं तिला ठुलीइजा, म्हणजे थोरली आई, म्हणायची.

“ठुलीइजा, विळा थांबव. हा भाग आमचा.”

देबुली वाकलेलीच राहिली, मान तेवढी वळवली. “कुठला भाग?”

“वरच्या त्या बांजाच्या झाडापर्यंतचा.”

“बांजापर्यंत? तू जन्मायच्या आधीपासून मी इथं कापतेय रे. हद्द काफळाशी.”

“कुठाय काफळ? दाखव.”

देबुलीनं हात उचलला. हात हवेतच राहिला. जिकडंतिकडं गवत. वाऱ्यानं ते एकाच दिशेला वाकत होतं.

“झाड खाल्लंस की काय, ठुलीइजा?” प्रताप हसला. “बांज मात्र जागेवर आहे बघ. हद्द बांजाशीच होती.”

“तुझ्या जिभेला हाड नाही, आणि मी तुला कडेवर घेऊन हिंडवलंय,” देबुली म्हणाली. “खुशाल सुभेदाराकडे चल. तिथं बोल हे.”

त्या दिवशी हयात सिंहाच्या घरात सगळे जेवायला बसले. नाचणीची भाकरी, कुळथाचं पातळ वरण. सून गोपुली पोराला पाजत चुलीपाशी बसली होती. हयात सिंहानं घास मोडला आणि तसाच धरून ठेवला.

“काफळ होतं तिथं,” तो म्हणाला.

“होतं,” प्रताप म्हणाला. “आता नाही.”

“हद्द ती हद्द.”

“बौज्यू, मला एवढंच सांगा. यंदा आपल्या तुकड्यातलं अर्धं गवत दरडीखाली गेलंय. म्हैस गाभण आहे, बैलजोडी आहे. थंडीत काय घालायचं? गोपुलीला कड्यावर पाठवायची? बोला, पाठवतो उद्या. पोराला इजाच्या मांडीवर टाकून जाईल. दोरी तुम्हीच बांधा तिच्या कमरेला.”

गोपुलीनं पदर पुढं ओढला. जसुली भिंतीला टेकून बसली होती, तिचा वाकडा पाय समोर पसरलेला. हयात सिंहानं त्या पायाकडे बघितलं. तिला कड्याखालून वर आणलं तेव्हा ती खाटेला बांधलेली होती, आणि सगळ्या वाटेनं ती एवढंच म्हणत होती, माझं गवत वरच राहिलं, माझं गवत वरच राहिलं.

“देबुली भौजीला कमी पडेल,” तो म्हणाला.

“तिला एक गाय. तिचं भागतं.”

जसुलीच्या बोटांत वातीचा कापूस होता, तो ती पिळत राहिली.

खुशाल सिंह सुभेदार वनपंचायतीचा सरपंच होता. त्यानं दोन्ही घरांना गोल्ज्यूच्या, न्याय देणाऱ्या देवाच्या, देवळापुढं बोलावलं. देवळाच्या दाराला घंटाच घंटा, लहानमोठ्या, नवसाच्या. वारा सुटला की आपोआप वाजायच्या.

त्या गावात घर तिथं फौजी. बहादुरीचं मेडल मात्र एकाच्याही घरी नव्हतं. होती ती लढाईवर गेलेल्या सगळ्यांना मिळतात ती. ती एवढंच सांगतात की हा माणूस तिथं होता, त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणूनच असेल, गावात एक रीत पडली होती. मेडल छातीला लावून माणूस साक्षीला उभा राहिला की त्याला उलटा प्रश्न करायचा नाही. तिथं होता, त्यानं पाहिलंय, संपलं. आजवर त्या रितीला कोणी धक्का लावला नव्हता.

“झाड राहिलं नाही,” खुशाल सिंह म्हणाला. “जुन्यांपैकी त्या उताराचं नक्की सांगणारे दोघंच. हयात मेडल लावून सांगेल ते खरं धरू. काय भौजी?”

“मेडलं माझ्याही घरी आहेत, सुभेदारज्यू,” देबुली म्हणाली. “तोच तारा, तेच गोल.”

“ती उजव्या बाजूची,” प्रताप मागून म्हणाला. “मेलेल्याची. उजव्या बाजूच्या मेडलांची साक्ष नसते.”

“गप रे!” खुशाल सिंह ओरडला. पण बोलणं खोटं नव्हतं. ज्यानं कमावली त्यानं डावीकडे लावायची. तो गेला की घरच्यांनी उजवीकडे. फौजेचाच नियम.

देबुलीनं मान हलवली. “बरोबर बोलतोय पोरगा. मी कुठं होते तिथं? लला होता. माझ्या घरवाल्याच्या शेजारी होता. लला मेडल लावून सांगेल ते मला मान्य. मी पुढं एक अक्षर बोलायची नाही.”

हयात सिंह तिचा दीर लागायचा, नात्यानं नाही, गावच्या मानानं. ती त्याला लला म्हणायची आणि भर चारचौघांत त्याची टर उडवायची. त्या दिवशी उडवली नाही. विश्वासानं त्याच्याकडे बघत उभी राहिली.

मेडलांची डबी दरवेळी जसुली काढून द्यायची. आज गोपुलीनं आणली होती. हयात सिंहानं कोटाला डावीकडे पट्टी टाचली. त्यानं देवळाकडे बघितलं नाही, देबुलीकडे बघितलं नाही. खुशाल सिंहाच्या बुटांकडे बघितलं.

“हद्द बांजाशी,” तो म्हणाला.

कोणी काही विचारलं नाही. रीतच तशी होती.

देबुलीनं देवळाच्या पायरीवर सांडलेले तांदळाचे चार दाणे उचलून डोक्याला लावले. गावातल्या कोणाला वाटलं असेल की आता ही गोल्ज्यूपुढं गाऱ्हाणं टाकणार, शाप देणार. ती देवालाच म्हणाली, “लला म्हणतो तर मीच विसरले असेन, देवा. म्हातारी झाले.”

आणि विळा घेऊन निघून गेली.

हयात सिंहाच्या अंगणातून कडा समोर दिसतो. ते अंगण त्याच्या बापानं बांधलं, तेव्हा त्याला ह्या गोष्टीचं कौतुक होतं. सकाळी दव ओसरलं की गोपुली आणि प्रताप वरच्या मऊ तुकड्यात जायचे. कापलेलं गवत उन्हात पसरून ठेवायचे, दुपारी उलटायचे, संध्याकाळी पेंढ्या बांधून गोपुली डोक्यावर आणायची. हयात सिंह खांबाभोवती गंजी रचायचा. रचता रचता मान वर केली की कड्यावर पिवळा ठिपका दिसायचा. देबुलीचा रुमाल. बुरांशाच्या खुंटाला दोरी, दोरीला देबुली. ती विळा मारायची तेव्हा ठिपका हलायचा नाही. पुढं सरकायची तेव्हा हलायचा. बराच वेळ हलला नाही की हयात सिंहाच्या हातातली पेंढी तशीच राहायची.

“बौज्यू, गंजी तिरपी होतेय,” प्रताप म्हणायचा.

“होऊ दे.”

गोपुलीला गवत कापताना गाणं म्हणायची सवय होती. मऊ तुकड्यात ती एकदाही गायली नाही. संध्याकाळी भारा टाकून आली की आधी पोराला घ्यायची नाही, हात धूत बसायची.

जसुली रोज सकाळी दिवा लावायची, तुळशीला पाणी घालायची आणि नवऱ्याच्या कपाळाला पिठ्याचा टिळा लावायची. लग्नापासूनचा नेम. साक्षीच्या दुसऱ्या दिवशी हयात सिंह नेहमीसारखा तिच्यापुढं वाकला. तिनं कुंकवाची वाटी खाली ठेवली.

“खुबा दुखतो,” ती म्हणाली. “हात वर जात नाही.”

दिवा लावायला हात वर जात होता. त्यानं ते पाहिलं. पुढंही रोज तो वाकायचा, क्षणभर थांबायचा आणि सरळ व्हायचा. मग वाकणं सोडून दिलं.

एकदा भाकरी वाढताना तीच म्हणाली, अगदी हळू, जणू डाळीतला खडा दाखवतेय. “त्या काफळाची फळं मी खाल्लीत. चव अजून तोंडात आहे.”

“मग?” तो चिडून म्हणाला. “गोपुलीला पाठवू कड्यावर? तुझ्यासारखी करून आणू?”

“मी कुठं काय म्हटलं? फळं गोड होती, एवढंच म्हटलं.”

असोज सरत आला तेव्हा एक दिवस पिवळा ठिपका घसरला. हयात सिंहानं पाहिलं. दोरी ताणली, ठिपका खडकाला आपटला, थांबला. थोड्या वेळानं ठिपका वर सरकायला लागला, कासवासारखा. आणखी बायका धावल्या. तो अंगणातच उभा होता, हातात गवत घेऊन.

दोन दिवसांनी नौल्यावर, झऱ्याच्या पाणवठ्यावर, ती भेटली. उजवा हात गळ्यात बांधलेला, कोपरावर हळदीचा जाड लेप. डाव्या हातानं घागर भरत होती.

“कड्यानं जरा ओळख काढली,” ती हसून म्हणाली. “म्हणाला, तू कोण गं नवी? इकडं कधी दिसली नाहीस.”

हयात सिंहानं घागर उचलून तिच्या डोक्यावर दिली. ती निघाली नाही.

“लला, एक विचारू? हसशील.”

“विचार.”

“मला ते काफळ दिसतं रे. डोळे मिटले की दिसतं. तुझा पानदा वर चढलाय, मी खाली पदर धरून उभी आहे, आणि त्याच्या पाठीमागं खाली तुमचा तुकडा. झाड हद्दीवरच दिसतं मला. आता तू मेडल लावून सांगितलंस, म्हणजे ते तसं नसणार. मग मला दिसतं ते काय? डोकं फिरायला लागलं का माझं?”

पाणी दगडावर पडत होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

“वयानं होतं तसं, भौजी,” हयात सिंह म्हणाला.

“तेच म्हणते मी,” ती म्हणाली आणि घागर सांभाळत चढाला लागली.

पहिलं खोटं म्हशीसाठी होतं, सुनेसाठी होतं. हे दुसरं कोणासाठी होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो तिथंच दगडावर बसून राहिला. पाणी भरायला बाया आल्या तेव्हा उठला.

पुसाच्या थंडीत तहसिलीच्या मैदानावर विजय दिवस होतो. आसपासच्या गावांतले सगळे जुने फौजी जातात, विधवाही जातात. खुर्च्यांची रांग, बँड, भाषण, चहा आणि लाडू. देबुली पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं नवऱ्याची मेडलं शालीला डावीकडे लावली होती, बाकीच्यांचं बघून. एका कारकुनानं सगळ्यांसमोर विचारलं, “ए बाई, तू लढलीस का?” रांगेत हशा झाला. तेव्हा हयात सिंह उठला होता, तिची शाल मागून घेऊन गुडघ्यावर पसरली होती आणि मेडलं उजवीकडे लावून दिली होती. आधी तारा, मग गोल. तेव्हापासून दरवर्षी त्या सकाळी ती त्याच्या अंगणात यायची. शाल आणि रुमालात बांधलेली मेडलं त्याच्या मांडीवर टाकायची. “लाव रे. मला नाही जमत,” म्हणायची, आणि तो लावेपर्यंत जसुलीशी गप्पा मारायची.

यंदा ती येणार नाही असं हयात सिंहानं धरलं होतं. पहाटेचं दव अजून अंगणातल्या पाथरांवर होतं तेव्हा ती आली.

“उठलास का, हवालदार? का यंदा मेडलांबरोबर पेटीतच झोपलास?”

तिनं शाल त्याच्या मांडीवर टाकली. रुमालाची गाठ दातांनी सोडली. उजवा हात अजून पुरता वळत नव्हता.

हयात सिंहानं तारा हातात घेतला. फीत विटून गेली होती. पान सिंहानं तो बोटांत कधी धरलाच नाही. तो मेल्यावर डाकेनं आला होता. देबुलीला हे माहीत होतं, आणि तरी दर दिवाळीला ती तो राखेनं घासायची.

“आधी तारा ना रे?” तिनं विचारलं. “बघ, हेही आता विचारावं लागतं.”

“आधी तारा.”

“जसुली, तुला सांगते,” देबुली ओसरीच्या कडेला टेकली. “ह्या संक्रांतीनंतर मी मुलीकडे चालले, खाली हल्द्वानीला. जावई केव्हाचा म्हणतोय. गाय गोपुलीला देऊन जाईन. आता भरवसा राहिला नाही गं डोक्याचा. काल दिवा लावला का नाही तेच आठवेना. झाडं हलायला लागली माझ्या डोक्यातली. उद्या घर पेटवून देईन एखाद दिवशी, आणि म्हणेन, चूल इथंच होती.”

ती हसली. जसुली हसली नाही. तिनं नवऱ्याकडे बघितलं. असोजापासून पहिल्यांदाच सरळ बघितलं.

पिन हयात सिंहाच्या अंगठ्यात रुतली. त्यानं रक्त कोटाला पुसलं, शालीला लागू दिलं नाही. दोन्ही मेडलं सरळ ओळीत लावली, शाल झटकली आणि देबुलीच्या खांद्यावर दिली. उजवीकडे. तिनं हनुवटी खाली करून बघितलं.

“शोभतात का?”

“शोभतात.”

ती जीपकडे पुढं गेली. जसुलीनं डबी आणून त्याच्यापुढं ठेवली. कोट धरून उभी राहिली, जशी दरवर्षी राहायची.

“राहू दे,” तो म्हणाला. “मी लावतो.”

मैदानावर गारठा होता. बँडवाले हात चोळत होते. हयात सिंह अंगावर घोंगडी घेऊन रांगेत बसला. एका बाजूला देबुली, दुसऱ्या बाजूला खुशाल सिंह. साहेब येतात म्हटल्यावर सगळ्यांनी घोंगड्या काढल्या, छाती पुढं केली. हयात सिंहानंही काढली.

मागच्या रांगेतून कोणीतरी खुसखुसलं. “बुढ्याची बाजू चुकली बघ.”

खुशाल सिंहानं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा तांबडा झाला. “हयात! उजवीकडे लावलीत तू. डावीकडे घे, लवकर. साहेब आले. गावाचं हसं करतोस का?”

हयात सिंह समोर बघत राहिला.

“अरे ऐकू येतं ना? अफू घेतलीस का सकाळीच?”

साहेब तरुण होता. एकेकाशी हात मिळवत, नाव आणि पलटण विचारत येत होता. देबुलीला त्यानं वाकून नमस्कार केला. मग हयात सिंहापुढं आला आणि त्याची नजर कोटावर थांबली. त्याला वाटलं, हा कोणाचा तरी भाऊ असेल.

“कोणाची मेडलं, बाबा?”

“हवालदार हयात सिंह बोराची, साहेब.”

“तुमचे कोण?”

हयात सिंहानं एकदा देबुलीच्या शालीकडे बघितलं.

“मीच, साहेब. पण ज्यानं कमावली तो हयात सिंह ह्या असोजात गेला. गोल्ज्यूच्या देवळापुढं ही मेडलं लावून त्यानं खोटी साक्ष दिली. ह्या बाईच्या गवतासाठी.”

मागचं खुसखुसणं थांबलं. बँडवाल्यांपैकी कोणाचा तरी ढोल उगाच एकदा वाजला. खुशाल सिंह खाली आपल्या बुटांकडे बघत होता. साहेबानं हात पुढं केला होता तो तसाच होता. हयात सिंहानं तो घेतला नाही. घ्यायचा असतो हे त्याला माहीत होतं. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले होते.

तो देबुलीकडे वळला. “भौजी, काफळ होतं. हद्दीवरच होतं. पानदा वर चढायचा, तू खाली उभी असायचीस. तू काही विसरलेली नाहीस.”

देबुलीनं त्याच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग शोधावा तर राग नव्हता, आणि माफी तर नव्हतीच. एवढे दिवस श्वास रोखलेल्या माणसानं तो सोडावा तसं तिचं अंग सैल पडलं.

“म्हणजे मी वेडी नाही,” ती म्हणाली.

“नाहीस.”

“नौल्यावर विचारलं होतं तुला.”

“हो.”

“तेव्हा कोणी नव्हतं तिथं. आणि आज एवढ्या माणसांत सांगतोस.”

ती उठली. मेडलं डाव्या हातानं सावरत विधवांच्या रांगेत जाऊन बसली. साहेब पुढं सरकला. चहा आला, लाडू आला. हयात सिंहाच्या पुढ्यातला कोणी उचलला नाही, त्यानं खाल्ला नाही. परतीच्या जीपमध्ये देबुली नव्हती. ती खालच्या वाटेनं चालत निघाली होती, दुखरा हात पोटाशी धरून.

घरी बातमी आधीच पोचली होती. प्रताप अंगणात वाट बघत होता.

“नाक कापलंत आमचं! तहसिलीसमोर! मी काय माझ्यासाठी मागितला होता तो तुकडा?”

“नाही,” हयात सिंह म्हणाला. “साक्ष तू दिली नव्हतीस. मी दिली.”

“आता थंडीत म्हैस काय तुमचा कोट खाणार?”

“विकू म्हैस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गंजीपाशी गेला आणि वरून पेंढ्या काढायला लागला. डोंगरात पुरुष नांगर धरतो, लाकूड फोडतो, पण गवताचा भारा डोक्यावर घेत नाही. ते बाईचं काम. त्यानं भारा बांधला तो सुटला. दुसऱ्यांदा बांधला, तोही सुटला. गोपुली पोराला खाली ठेवून आली. तिनं दोरीला तिढा दिला, भारा आवळला आणि आपली चुंबळ त्याच्या हातात ठेवली.

“मान ताठ ठेवा, बौज्यू,” ती म्हणाली. “खाली बघितलं की तोल जातो.”

देबुलीचं घर गावाच्या वरच्या टोकाला. वाट सगळ्यांच्या अंगणांतून जाते. गवत डोळ्यांवर येत होतं, मानेत कळ उठत होती, कुसळं कॉलरमध्ये घुसत होती. दोन्ही बाजूंनी बाया उभ्या होत्या.

“अगं बघा, फौजी सून झाला!”

“घुंगट घ्या, हवालदार, सासू बघतेय!”

खुशाल सिंह आपल्या दारात दाढी करत होता. त्यानं तोंड फिरवून आरसा भिंतीकडे नेला. हसणाऱ्या बायांपेक्षा ते जास्त लागलं. हयात सिंहाला मान ताठ ठेवावीच लागत होती. खाली घालायची इतकी इच्छा होती, आणि घालता येत नव्हती.

देबुली अंगणात गायीचं शेण गोळा करत होती. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. त्यानं भारा खांबाशी टाकला आणि परत गेला. दुसरा आणला. तिसरा टाकला आणि तो रचायला बसला. पेंढ्या खांबाभोवती लावू लागला. देबुली हात धुऊन आली.

“बाजूला सर,” ती म्हणाली.

तिनं त्याच्या हातातली पेंढी काढून घेतली. “अशी रचतात? शेंडा आत, बुडखा बाहेर? पहिल्या बर्फात सगळं कुजेल. ह्याला काय पलटणीत शिकवलं काय माहीत.”

ती एका हातानं रचू लागली. तो पेंढ्या देऊ लागला.

“मुलीकडे जाणार आहेस?” त्यानं शेवटी विचारलं.

“कशाला जाऊ? माझं डोकं ठिकाणावर आहे. भर मैदानात ठरलंय ते.”

“भौजी... पुढल्या वर्षी शाल घेऊन येशील?”

देबुलीनं पेंढी दाबून बसवली. मग हात झटकले.

“यायचं का नाही ते माझं मी बघेन, लला. तुझी कुठल्या बाजूला लावायची ते तुझं तू बघ.”

त्यानं मान हलवली. चुंबळ उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि खाली निघाला. त्याच्या अंगणातली गंजी अजून अर्धी उभी होती, आणि वाटेवरच्या बाया अजून घरात गेल्या नव्हत्या.